उतरणीचा आनंद, चढणीचा श्वास

डिसेंबर उजाडला की मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांत, भेटकार्डांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर एक चित्र हटकून दिसू लागते. पांढरीशुभ्र टेकडी, तिच्यावरून लाकडी घसरगाडीत बसून खाली येणारे एक कुटुंब, लाल झालेली नाके, वाऱ्यावर उडणारे मफलर आणि मनमोकळे हसणारे चेहरे. आपल्या वऱ्हाडातले मूल ते चित्र पाहते आणि साहजिकच विचारते, ‘आपल्याकडे बर्फ का नाही?’ नाताळच्या सुटीत बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहिलात तर या प्रश्नाला काही कुटुंबांनी शोधलेले उत्तर आपल्याला दिसेल. लोकरी कपड्यांनी फुगलेल्या बॅगा घेऊन ती हिमाचलकडे, काश्मीरकडे निघालेली असतात. गुलमर्गला किंवा सोलंग खोऱ्यात थोडा वेळ घसरगाडीवर बसायचे, छायाचित्रे काढायची आणि परतायचे. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे. परंतु हा खेळ एकट्या बर्फाच्या मालकीचा नाही. उतार, त्यावरून घसरता येईल असे काहीतरी बूड आणि बरोबर आपली माणसे एवढी सामग्री जमली की तो उभा राहतो. ही सामग्री बडनेऱ्याच्या भोवताली हिवाळ्यात मुबलक आहे.

आरोग्यविषयक पाक्षिकात हा विषय काढण्यामागे एक घरगुती कारण आहे. माझ्या नऊ वर्षांच्या नातीला दमा आहे. थंडी आली की तिचे खेळणे बंद, ही आमच्या घरातली न लिहिलेली रीत होती. ती रीत कशी सुटली आणि त्यात एका वाळलेल्या गवताच्या उताराचा वाटा काय, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी उपयोगी पडेल असे वाटते.

बर्फाविना घसरगाडी

पोर्तुगालच्या ताब्यातील मदेरा हे अटलांटिक महासागरातले उबदार बेट आहे. तेथील फुंशाल शहरात उंचावरच्या मोन्ते या भागातून खाली येण्यासाठी १९व्या शतकाच्या मध्यापासून वेताच्या घसरगाड्या वापरल्या जातात. लाकडी धावांवर बसवलेला वेताचा सोफा, मागे उभे असलेले गवती टोपीतले दोन गाडीवान आणि खाली उतरत जाणारा साधा रस्ता. बर्फाचा तेथे कणही नसतो.

आपल्या देशाचे उदाहरण याहून बोलके आहे. मनालीजवळ वाढलेला शिव केशवन १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये ‘ल्यूज’ या घसरगाडीच्या शर्यतीत उतरला, तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा होता. २०१८पर्यंत त्याने सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. या खेळासाठी लागणारी बर्फाची बांधीव घळ भारतात नव्हती. त्याने घसरगाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांतून वाट काढत सराव केला. डांबरी रस्त्यावर तसे करण्याचा सल्ला मी अर्थातच कोणाला देणार नाही. मात्र साधन नाही म्हणून खेळ अडत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या जुन्या पिढीलाही घसरण्याचे सुख अनोळखी नव्हते. शेत सपाट करताना बैलांमागे ओढल्या जाणाऱ्या फळीवर वजन म्हणून घरातल्या पोराला बसवत. काळ्या मातीवरून तरंगत जाणारी ती फळी म्हणजे आमच्या लहानपणाची घसरगाडीच होती. रिकाम्या पोत्यावर धाकट्या भावंडाला बसवून अंगणभर ओढणे, फरशीवर चादरीचे टोक धरून पळणे, हे तर घरोघरी झाले असेल. आपणही ते केले असेल. फरक इतकाच की ते खेळ मोठ्यांची नजर चुकवून व्हायचे. मोठ्यांनी त्यात उतरावे, अशी कल्पना तेव्हा कोणाच्या मनात येत नसे.

छातीच्या रुग्णांच्या गावात जन्मलेली शर्यत

घसरगाडीच्या इतिहासातली एक गोष्ट वाचली आणि मी थबकले. स्वित्झर्लंडमधील डावोस हे डोंगरातले गाव १९व्या शतकाच्या उत्तरार्धात क्षयरोग्यांचे आश्रयस्थान होते. क्षयावर तेव्हा औषध नव्हते; कोरडी, थंड, स्वच्छ हवा हाच उपचार मानला जाई. युरोपभरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे महिनोन् महिने राहत. याच डावोसहून शेजारच्या क्लॉस्टर्स गावापर्यंतच्या सुमारे चार किलोमीटरच्या वाटेवर १८८३ साली घसरगाड्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. या खेळाची पहिली संघटित शर्यत म्हणून तिची नोंद आहे. तिच्या मागे असलेल्या मंडळींत जॉन ॲडिंग्टन सायमंड्स हा इंग्रज लेखक होता आणि तो स्वतः फुफ्फुसाच्या विकारासाठी डावोसला येऊन राहिला होता.

क्षय आणि दमा हे अगदी वेगळे आजार आहेत, आणि थंड हवा दम्याला मानवतेच असेही नाही. तरीही जिथे लोक श्वासासाठी झगडत होते त्याच गावात या धावत्या, ओरडत्या, हसऱ्या खेळाने आकार घेतला, ही बाब माझ्या मनात घर करून राहिली. आजारी माणसाच्या भोवतालचे जग गप्प आणि बंद असावे असे आपण गृहीत धरतो. डावोसच्या त्या मंडळींनी तसे धरले नव्हते.

खिडकीतली मुलगी

आता आमच्या घरातली गोष्ट. नातीच्या दम्याचे निदान ती सहा वर्षांची असताना झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका रात्री तिला रुग्णालयात न्यावे लागले. प्रत्येक श्वासासरशी तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि ‘आई’ हा दोन अक्षरांचा शब्दही तिला एका दमात म्हणता येत नव्हता. ते ज्या आईने पाहिले आहे तिला ‘घाबरू नकोस’ असे सांगणे सोपे नसते. माझ्या सुनेने त्यानंतर काय केले? जे कोणतीही आई करील तेच. कपाशीच्या गाड्या रस्त्याने जाऊ लागल्या की खिडक्या बंद. थंडी पडली की स्वेटर, त्यावर स्वेटर, त्यावर कानटोपी. दही नाही, केळी नाहीत, पळणे तर नाहीच.

औषध नियमित सुरू होते. पुढे दम्याने फारसा त्रासही दिला नाही. परंतु दुसरेच काहीतरी घडत होते. शाळेच्या क्रीडादिनी ती मैत्रिणींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसे. कोणता खेळ आवडतो असे पाहुण्यांनी विचारले की उत्तर यायचे, ‘मी बघते.’ तिसरीत ‘माझी ओळख’ या विषयावर पाच वाक्ये लिहायची होती. नाव, गाव, शाळा, आईबाबा या सगळ्यांच्या आधी तिने पहिले वाक्य लिहिले होते: ‘मला दमा आहे.’ वही माझ्या हातात होती. अक्षर नेहमीसारखेच सुबक होते.

अमरावतीच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना पुढच्या तपासणीच्या वेळी सुनेने ती वही दाखवली. त्यांनी नातीची छाती तपासली, फुंकर मारण्याची चाचणी घेतली, औषधाच्या तारखा पाहिल्या आणि म्हणाले, “खेळ थांबवून दमा बरा होत नाही. दमा आटोक्यात ठेवायचा तो खेळता यावे म्हणूनच.” तिचा दमा बरेच महिने आटोक्यात होता. त्यांनी एका कागदावर तीन भागांत सूचना लिहून दिल्या: रोज काय घ्यायचे, खोकला किंवा घरघर सुरू झाली तर काय करायचे आणि कोणती लक्षणे दिसली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचे. असा लेखी कागद प्रत्येक दमेकरी मुलाच्या घरी असावा. आपल्याकडे नसेल तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांकडून तो आठवणीने मागून घ्या.

बरडावरचा रविवार

माझ्या भावाचे शेत बडनेऱ्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागल्यावर आत वळून जावे लागते. शेताच्या वरच्या अंगाला बरड आहे. बरड म्हणजे पातळ मातीची, मुरमाड, चढावरची जमीन; तीत पीक धड येत नाही, गवत मात्र मनसोक्त वाढते. पौषापर्यंत ते वाळून सोनेरी होते. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे तेथे जमलो. वहिनींनी रोडग्यांसाठी गोवऱ्या रचल्या होत्या, वांग्याच्या भाजीची तयारी चालली होती, आणि माझ्या भावाच्या नातवंडांनी कूलरच्या खोक्याचे मोठे पुठ्ठे व धुऊन वाळवलेली खताची पोती टेकाडावर नेली होती.

वाळलेल्या गवतावर घसरणे बर्फाइतके वेगवान नसते. पहिल्या दोन-चार फेऱ्यांत पुठ्ठा अडखळतो. मग गवताच्या काड्या उताराच्या दिशेने आडव्या पडतात, एकमेकींवर दबतात आणि एक गुळगुळीत, चकचकीत वाट तयार होते. त्या वाटेवर विणलेले प्लास्टिकचे पोते, आत जुनी गोधडी भरून, झकास पळते. उंची दोन पुरुष असेल-नसेल. खाली येण्यास सात-आठ सेकंद पुरत.

नात बराच वेळ खाली उभी राहून ‘बघत’ होती. माझा भाऊ तिच्याजवळ गेला. तो काही समजावत बसला नाही. “चाल वं बाई, वरून आपलं बडनेरा दिसते का पाहू,” एवढेच म्हणाला. बडनेरा तेथून दिसत नाही. वर पोचल्यावर तिच्या ते लक्षात आले आणि ती हसली. दोनदा पोत्यावर बसून उठली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “भेऊ नको. पाय समोर, पाठ मागं, अन् दोर धर. मी खाली हावोच.” तो खरोखरच टाचा रोवून खाली जाऊन उभा राहिला. ती निघाली. मध्यावर आल्यावर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. तो ओरडण्याचा आवाज होता, आणि ओरडायला भरपूर श्वास लागतो.

चौथ्या फेरीनंतर वर चढताना तिला खोकला आला. एक, मग लागोपाठ तीन. सून जागची उठली. आम्ही सगळे थांबलो. पोरेसुद्धा गप्प झाली. नातीने वळून आईकडे पाहिले आणि तळहात पुढे धरला. थांब, या अर्थाने. खाली येऊन ती दगडावर बसली, किंचित पुढे झुकली आणि माझ्या कमरेच्या पिशवीतला पंप व नळी मागून घेतली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पंपाचा एक दाब, मग नळीतून शांतपणे चार-पाच श्वास. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. सून शेजारी बसून होती. तिचे हात एकमेकांत घट्ट गुंतलेले होते. कोणी काही बोलले नाही.

वीस मिनिटांनी खोकला पूर्ण थांबला. छातीत घरघर नव्हती. सुनेने तिला मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारले आणि तिने लांबलचक उत्तरे एका दमात दिली. मग ती म्हणाली, “आई, मी आता हळू चढीन. मध्ये एकदा थांबेन. मीच सांगीन कधी थांबायचं ते.” सुनेने खिशातला कागद काढून वाचला. डॉक्टरांनी लिहिले होते: लक्षणे पूर्ण थांबल्यावर, मुलाला बरे वाटत असल्यास पुन्हा खेळू द्यावे. तिने कागद घडी करून ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि लेकीबरोबर टेकाड चढू लागली. अर्ध्यावर दोघी थांबल्या. वर पोचल्यावर दुसरे पोते मागवले गेले आणि आमच्या सूनबाई, वय वर्षे चौतीस, सर्वांदेखत घसरत खाली आल्या.

या खेळात विसावा असतो

घरी परतल्यावर मी या खेळाचा जरा शांतपणे विचार केला. घसरण्याच्या खेळात व्यायाम घसरण्यात नसतोच. तो परत वर चढण्यात असतो. सात-आठ सेकंदांच्या सुखासाठी मूल दोन-दोन मिनिटांचा चढ चढते आणि त्याला ते कष्ट वाटत नाहीत. पायांचे मोठे स्नायू, पाठ, पोट आणि हृदय या सर्वांना काम मिळते. खाली येताना तोल सांभाळावा लागतो, वेगाचा अंदाज घ्यावा लागतो, पाय कधी टेकायचे ते ठरवावे लागते. बसून राहणाऱ्या मुलांच्या शरीराला हे शिक्षण क्वचितच मिळते.

दमेकरी मुलांसाठी यात आणखी एक सोय आहे. सलग बराच वेळ पळत राहिल्याने श्वासनलिका आकसण्याची शक्यता अधिक असते, कारण भराभर तोंडाने घेतलेली थंड, कोरडी हवा त्यांचे अस्तर कोरडे करते. थोडे श्रम, थोडी विश्रांती, पुन्हा थोडे श्रम अशा रीतीचे खेळ अशा मुलांना सामान्यतः अधिक सोसवतात. घसरण्याच्या खेळात ही लय आपोआप साधते. चढ म्हणजे श्रम. वर पोचून आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि मग खाली घसरणे म्हणजे विसावा. शिवाय मुलाला स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देण्याची सवय लागते. कुठे थांबायचे हे दुसऱ्याने सांगण्याऐवजी त्याचे त्याला कळू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल सुचवली आहे आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम. शिकवणी, अभ्यास आणि पडदा यांतून मुलांची ६० मिनिटे निघत नाहीत. आपली १५० मिनिटेही निघत नाहीत. ज्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि जिथल्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या परिसरात राहणाऱ्या आपण सर्वांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. सगळ्यांना आखाड्यात जाणे जमणार नाही. टेकाडावर जाणे जमेल.

जाण्यापूर्वी इतके पाहा

आनंदाला शहाणपणाची जोड हवी. आमच्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यातून जमलेल्या काही गोष्टी येथे देते.

जागा निवडताना उताराच्या शेवटी सपाट, मोकळी जमीन असलीच पाहिजे. समोर विहीर, शेततळे, तारेचे कुंपण, झाड, धुरा किंवा रस्ता असलेला उतार कितीही मोहक वाटला तरी तो नाकारा. तलावाच्या बांधावर कधीही घसरू नका. कोंडेश्वर-पोहऱ्याच्या बाजूचे जंगल सुंदर आहे, पण राखीव वनात शिरून हा खेळ मांडू नये. तेथे बिबट्याचा वावर आहे आणि ते घर वन्यजीवांचे आहे. आपले किंवा नातेवाइकांचे शेत, त्यांच्या परवानगीने, हेच उत्तम.

मुलांना सोडण्यापूर्वी मोठ्या माणसाने बूट घालून, काठीने गवत झोडपत पूर्ण वाट चालून यावी. दगड, काचा, खुंट वेचावेत. वाळल्या गवतात साप, विंचू असू शकतात. आपल्या भागात घोणस थंडीतही दिसते. कुसळी गवत असेल तर ती जागा सोडा, नाहीतर संध्याकाळ कपड्यांतली कुसळे काढण्यात जाईल. जाड पँट, पूर्ण बाह्या, मोजे आणि बूट हवेत. सायकलचे शिरस्त्राण असेल तर डोक्यावर चढवा.

नेहमी पाय पुढे करून, बसून घसरावे. डोके पुढे करून किंवा पोटावर झोपून नको. एका वेळी एकच जण. खालचा बाजूला झाल्याशिवाय वरच्याने निघू नये. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणे सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या वजनाखाली मुलाचा पाय अडकून पिरगळण्याचा, मोडण्याचाही धोका असतो. मूल एकटे बसण्याइतके मोठे नसेल तर त्याला सपाट जमिनीवर पोत्यावर बसवून हळू ओढा. पोते किंवा पुठ्ठा मोटारसायकलला, ट्रॅक्टरला कधीही बांधू नका. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, कंबर धरलेली आहे, त्यांनी घसरू नये. उताराच्या पायथ्याशी उभे राहून येणाऱ्याला धीर देणे हे काम त्यांच्यासाठी राखून ठेवा. मी तेच करते. खताचे पोते वापरायचे तर चांगले धुऊन, उन्हात वाळवून; कीटकनाशकांशी संबंध आलेली कोणतीही वस्तू मात्र अजिबात नको.

वेळ सकाळी साडेनऊ-दहानंतरची बरी. त्याआधी गवत दवाने ओले असते आणि घसरणही होत नाही. पहाटेच्या थंड हवेत शेकोट्यांचा व चुलींचा धूर जमिनीलगत साचून राहतो. ऊन चढले की तो वर उठतो. चारपर्यंत आवरते घ्यावे. जवळपास मळणी चालू असेल, कुटार उडत असेल किंवा कचरा जाळला जात असेल तर दमेकरी मुलाला त्या दिवशी नेऊ नये. रोडगे भाजताना वाऱ्याची दिशा पाहून मुलाला धुराच्या विरुद्ध बाजूस बसवावे. उतारावर मोकळी धूळ असेल तर ती जागा अशा मुलासाठी नाही. गवताने झाकलेलाच उतार हवा.

दमा असलेल्या मुलाला आधी दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालायला लावून अंग गरम करू द्या. शक्यतो नाकाने श्वास घ्यायला सांगा. नाक हवा उबदार आणि ओलसर करते. नाकातोंडावरून सैल रुमाल असला तर थंड हवेचा त्रास कमी होतो. खेळण्यापूर्वी पंप घ्यायचा की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. तातडीच्या वेळचा पंप गाडीत ठेवू नका. तो मोठ्या माणसाच्या अंगावरच असावा. खेळ थांबल्यावर काही मिनिटांनीही छाती भरून येऊ शकते, म्हणून शेवटच्या फेरीनंतर अर्धा तास मुलाकडे लक्ष असू द्या. मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल तर लिहून दिलेल्या सूचनेप्रमाणे औषध देत लगेच रुग्णालय गाठा. शेताला निघण्यापूर्वीच जवळचे रुग्णालय कोणते आणि वाहन कोणाचे, हे ठरलेले असावे.

पंपाविषयी एक शब्द. ‘पंप लागला म्हणजे आजार फार वाढला’, ‘एकदा घेतला की सवय लागते’ ही वाक्ये आपल्या घरांत अजून ऐकू येतात. पंपाचे औषध अतिशय अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते. गोळीपेक्षा त्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. त्याचे व्यसन लागत नाही. चारचौघांत पंप घ्यायला लाजणारे मूल खेळ सोडून देते. चष्मा लावताना जसे कोणी लपत नाही, तसेच पंपाचेही व्हावे.

नातीचा दमा गेलेला नाही. रोजचा पंप सुरू आहे आणि गेल्या पावसाळ्यात तिला दोन दिवस शाळा बुडवून घरी राहावे लागले. तिच्या आईची भीतीही गेलेली नाही. ती आता कागदाच्या घडीत नीट ठेवलेली असते एवढेच. मात्र यंदाच्या क्रीडादिनासाठी नातीने पोत्यांच्या शर्यतीत नाव दिले आहे. तिचा क्रमांक येईल असे मला वाटत नाही. मैत्रिणींच्या चपला सांभाळायला शाळेला दुसरे कोणीतरी शोधावे लागेल.

वाचकहो, आपला हिवाळा थोडक्याच आठवड्यांचा. होळी झाली की हेच टेकाड तव्यासारखे तापेल आणि आपण सारे पुन्हा घरात, कूलरसमोर. तेव्हा येत्या रविवारी एक पोते धुऊन वाळत घाला. घरात मूल आजारी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते काय म्हणतात ते लिहून घ्या. मग सगळ्यांनी मिळून जा, आणि मुलांना वर सोडून आपण सतरंजीवर बसून राहू नका. निदान एकदा तरी त्यांच्याबरोबर तो चढ चढा.